आफ्रिकेत राहताना रोजच्या जगण्यात बसलेले गमतीशीर धक्के (सिंह-हत्ती सोडून सांगा)

दारची_वैनी

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली झाली म्हणून गेल्या दिवाळीनंतर आम्ही दार-ए-सलामला, म्हणजे टांझानियात आलो. निघण्याआधी झाडून सगळ्या नातेवाइकांनी दोनच गोष्टी विचारल्या, सिंह दिसतात का आणि उकाडा सोसेल का. सिंह अजून दिसलेला नाही, आणि दमट उकाड्याचं म्हणाल तर मी मूळची पनवेलची, मला त्यात नवीन काही नाही. धक्के बसले ते भलत्याच ठिकाणी.

पहिला घड्याळाचा. इथे स्वाहिलीत वेळ सांगतात ती सूर्य उगवल्यापासून मोजून. म्हणजे आपले सकाळचे सात तो यांचा एक, आपले दुपारचे बारा ते यांचे सहा, संध्याकाळी सात वाजले की परत एक. विषुववृत्ताच्या जवळ असल्याने सूर्य बारा महिने सहा-साडेसहाच्या आसपासच उगवतो त्यामुळे यांचं गणित बिघडत नाही, आणि खरं सांगू का, मला यांचंच पटतं, मध्यरात्री सगळे झोपलेले असताना नवा दिवस सुरू करायचा ही कल्पना कुणाच्या डोक्यातून आली असेल देव जाणे. आपल्याकडेही पूर्वी घटका सूर्योदयापासूनच मोजायचे ना. तर गंमत अशी की हीच माणसं इंग्रजीत बोलायला लागली की सरळ आपल्यासारखी वेळ सांगतात. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन प्लंबरला फोनवर स्वाहिलीत 'चार वाजता ये' म्हणतो, फोन ठेवतो आणि मला इंग्रजीत सांगतो 'तो दहाला येतोय', आणि दोन्ही बरोबर असतं! (प्लंबर साडेअकराला येतो, ते जगात सगळीकडे सारखंच.) त्यानेच मला युक्ती शिकवली, काट्याच्या घड्याळात तास काटा जिथे असेल त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा, झाली स्वाहिली वेळ. आमची लेक आता भिंतीकडे बघून दोन्ही वेळा धडाधड सांगते आणि बाबा ऑफिसातून आला की त्याची परीक्षा घेते.

दुसरं म्हणजे रिक्षा. इथे रिक्षाला 'बजाजी' म्हणतात. कंपनी कुठली का असेना, टीव्हीएसची असली तरी ती बजाजीच. पहिल्या दिवशी हॉटेलच्या रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, 'मॅडम, बजाजी बोलावू का?', मला वाटलं आता कोण गृहस्थ येतायत.

तिसरं, मला इथे माझ्या नावाने कुणीच हाक मारत नाही. मुलीचं नाव इरा, म्हणून मी 'मामा इरा'. भाजीवाली, शेजारणी, शाळेतल्या बाई, सगळ्यांना मी मामा इरा. आमची आजी गावात 'शऱ्याची आई' होती, बरोबर तीच पद्धत. नवरा 'बाबा इरा' झालाय आणि त्याला ते भलतंच आवडलंय.

आणि पैसे. एका रुपयाला तीसच्या आसपास शिलिंग, त्यामुळे भाडं, फी सगळं लाखांत, आणि लाखाला इथे चक्क 'लाकी' म्हणतात. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं की आज भाजीला वीस हजार गेले, त्या आठवडाभर कुणाशी नीट बोलल्या नाहीत.

तर जे आफ्रिकेत राहिलेत किंवा राहतायत त्यांनी आपापले धक्के सांगा. कुठल्या शहरात ते मात्र लिहा. हा एक देश नाही, चोपन्न आहेत!

---

नैरोबीकर_बंडू

वैनी, उकाड्याचं लिहिलंत म्हणून. आमच्याकडे उलटाच प्रकार. नैरोबीत जून ते ऑगस्ट अशी थंडी असते की घरात मोजे घालून बसावं लागतं, आणि हे भारतातल्या एकाही माणसाला पटत नाही. सासरे जुलैत येणार होते, मी फोनवर घसा कोरडा करून सांगितलं स्वेटर आणा, तरी हाफ शर्ट आणि मलमलचे लेंगे घेऊन उतरले. म्हणे 'विषुववृत्त आहे ना ते, आम्हीपण भूगोल शिकलोय'. शेवटी मी कळसूबाई काढली. म्हटलं बाबा, कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याच्या वर काही नाही. आणि नैरोबी १७०० च्या आसपास. म्हणजे तुम्ही इथे सोफ्यावर आडवे झालात तरी कळसूबाईच्या वर आहात. हे मात्र पटलं, कारण तरुणपणी ते ती चढलेले. मग माझाच स्वेटर अंगात घालून पूर्ण मुक्काम काढला, आणि आता सांगलीत जाऊन कळसूबाईचं हे गणित स्वतःचं म्हणून सगळ्यांना ऐकवतायत.

दुसरं एम-पेसा. आपल्याला यूपीआयचा अभिमान, असावाच, पण इथे २००७ पासून लोक साध्या बटणांच्या फोनवरून पैसे पाठवतायत, इंटरनेट लागतच नाही, सिममधल्या मेनूतून जायचं आणि पिन टाकायचा. आमच्या कोपऱ्यावरची मामा म्बोगा, म्हणजे भाजीवाली, तिने टपरीच्या फळीवर ऑइलपेंटने नंबर रंगवून घेतलाय. पाच केळी घेतली तरी त्या नंबरवर पैसे. भारतातून कुणी पाहुणा आला आणि 'तुमच्याकडे ऑनलाइन पेमेंट वगैरे आहे का रे' असं विचारायला लागला की मी त्याला फिरायला म्हणून त्या टपरीवर घेऊन जातो, बोलत काही नाही.

आता पिशव्या. २०१७ च्या ऑगस्टपासून केनियात प्लास्टिक कॅरीबॅगवर बंदी आहे आणि ती आपल्यासारखी तोंडी लावायला नाही, कायद्यात वीस ते चाळीस लाख शिलिंग दंड किंवा चार वर्षांपर्यंत कैद असं लिहिलंय. आणि आमच्या सासूबाईंची पॅकिंगची पद्धत म्हणजे चिवड्याला एक पिशवी, त्या पिशवीला दुसरी पिशवी, आणि दोन्हींना मिळून तिसरी जिच्यावर कुठल्यातरी साडी सेंटरचं नाव. मी सांगितलं, एअरपोर्टवर काढून घेतात. तर बाई मशीनवर बसल्या आणि जुन्या बेडशीटच्या नाडीवाल्या पिशव्या शिवल्या, वर 'भाजणी', 'मेतकूट', 'गोडा म.' अशी नावं लाल दोऱ्याने भरली. कस्टमच्या बाईंनी बॅग उघडली आणि चिवडा राहिला बाजूला, एकेक पिशवी उलटसुलट करून टाका बघत बसल्या. मागे रांग खोळंबलेली. शेवटी विचारलं, शिवल्या कुणी? सासूबाईंना इंग्रजी येत नाही पण हा प्रश्न बरोब्बर कळला, छातीवर हात ठेवून म्हणाल्या, 'मी!'

मटाटूबद्दल, म्हणजे इथल्या खाजगी मिनीबसबद्दल, आत्ता लिहीत नाही, तो वेगळा धागा होईल. ती बस नाहीच, चाकं लावलेली गणपतीची मिरवणूक आहे.

---

पेठेतला_पाहुणा

मस्त धागा. माझा मावसभाऊ कांगोला असतो, किन्शासा की काहीतरी. वैनी तुमच्या जवळच असेल ना? त्याच्याकडे थोडं मेतकूट पाठवायचं होतं.

---

दारची_वैनी

@पेठेतला_पाहुणा, दारपासून किन्शासा सरळ रेषेत अडीच हजार किलोमीटरच्या वर आहे. पुण्याहून काबूल त्यापेक्षा जवळ पडेल, आधी तिथे पाठवून बघा 😄

@बंडू, सासूबाईंना साष्टांग नमस्कार. 'गोडा म.' वर मी फिदा.

---

वाळूजचा_गडी

आफ्रिकेत कधी गेलो नाही, पण बजाजी वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी वाळूजला त्याच रिक्षांच्या प्लांटमधे होतो, रिटायर झालो. तिकडे पाठवायचा माल निघायचा तेव्हा खोक्यांवर देशांची नावं वाचून आम्ही पोरं पैजा लावायचो की हा देश नकाशात नक्की कुठंय. मुलगा म्हणतो तुमच्या दार-ए-सलामच्या व्हिडिओत त्या रिक्षांच्या मागे काय काय लिहिलेलं असतं. ताई जमलं तर फोटो टाका, मला बघायचंय आपली गाडी तिकडं कशी नटलीय.

---

अक्का_अदिसवाली

मी अदिस अबाबा, इथिओपिया. मिस्टर युनिव्हर्सिटीत शिकवतात. घड्याळ आमच्याकडेही वैनींसारखंच सूर्यापासून, वर कॅलेंडरही वेगळं. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच दिवसांचा, लीप वर्षी सहा. साल आपल्यापेक्षा सात-आठने मागे, यांनी २००० साल साजरं केलं ते आपल्या २००७ च्या सप्टेंबरात. घरभाड्याच्या करारावरची तारीख बघून माझ्या भावाने, तो वकील आहे, घाबरून फोन केला होता की अगं हा करार तुम्ही तिकडे जायच्या कितीतरी आधीचा आहे, फसवलंय तुम्हाला कुणीतरी. नवीन वर्ष ११ सप्टेंबरला, बऱ्याचदा गौरी-गणपतीच्या आगेमागे येतं, मुली पिवळ्या रानफुलांच्या जुड्या घेऊन गाणी म्हणत दारोदार येतात. मी एक जुडी जास्तीची घेते, गौरीला वाहायला.

पण खरी मजा उपासाची. आमच्या घरमालकीणबाई ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन आणि उपासाला एकदम कडक. बुधवार आणि शुक्रवार तर असतोच, शिवाय ईस्टरच्या आधी जवळजवळ दोन महिने सलग. त्यांच्या उपासाला मांस, अंडी, दूध, दही, लोणी, तूप यातलं काही चालत नाही. डाळ चालते, कांदा-लसूण चालतो, इंजेरा, म्हणजे यांचं आंबवलेल्या पिठाचं मोठं धिरडं, चालतो, मिरचीचा मसाला तर बदाबदा. आता माझी एकादशी बघा, मला दूध-दही-तूप चालतं पण डाळ नाही, धान्य नाही, कांदा-लसूण नाही. आणि एकदा बुधवारी एकादशी आली. त्या प्रेमाने मसुराचं लालभडक कालवण घेऊन वर आल्या, 'उपासाचं आहे, खा'. मी फ्रिजमधून केशर घातलेलं श्रीखंड काढून पुढे केलं, 'हेही उपासाचंच आहे'. दोघी एकमेकींच्या वाटीकडे बघतोय आणि दोघींच्या मनात एकच, की हिने उपासाची काय थट्टा मांडलीय! मग बसून रीतसर यादी केली, तुम्हाला काय चालतं, मला काय चालतं. दोन्हीकडे पास झालं ते एवढंच, बटाटा (तुपात नाही, तेलात), शेंगदाणे, फळं आणि बिनदुधाची कॉफी. कॉफीही इथे तीन फेऱ्या होतात, तिसऱ्या फेरीआधी उठून जाणं बरं दिसत नाही, त्यामुळे उपासाच्या दिवशी झोपेचं नाव नको. सोबत लाह्या देतात, पॉपकॉर्न हो, त्या मला चालत नाहीत म्हणून त्यांना फार वाईट वाटतं.

शाकाहारी लोकांसाठी टीप: इथे हॉटेलात 'व्हेज' म्हणून घसा ताणू नका, 'त्सोम' म्हणजे उपासाचं मागा, ताटभर भाज्या-डाळी येतात आणि एक कणही मांसाहारी नसतो. त्यात शिरो असेल तर सोडू नका, हरभऱ्याच्या पिठाचं असतं, डोळे मिटून खाल्लं तर मसालेदार पिठलं.

आणि हो, एक राहिलंच. इथे बोलताना 'हो' म्हणायचं असेल तर बरेच लोक शब्द न काढता श्वास झटकन आत ओढतात, एकदम दचकल्यासारखा. घरमालकीणबाई फोनवर बोलत असल्या की दर दहा सेकंदांनी तो आवाज. आईने व्हिडिओ कॉलवर ऐकलं आणि म्हणाली, अगं त्या बाईंना कुणाची तरी वाईट बातमी आलीय बहुतेक, जा बघ. मी म्हटलं काही नाही, गॅस सिलिंडर आला का विचारतायत त्यांना, त्या हो म्हणतायत.

---

लागोसवाला_शिऱ्या

लागोस, नायजेरिया. थोडक्यात लिहितो, कारखान्याची शिफ्ट आहे.

तुम्हाला ठेच लागली, शिंक आली, हातातून पेन पडलं, काही झालं तरी आजूबाजूचे सगळे 'सॉरी' म्हणतात. त्यांचा काडीचा संबंध नसतो. सुरुवातीला मी प्रत्येकाला 'अरे तुझी काय चूक' सांगत बसायचो. आता मीपण म्हणतो. सुट्टीवर सोलापूरला गेलो असताना बसस्टँडवर एका काकांना ठेच लागली, मी सॉरी म्हटलं, ते माझ्यावरच धावून आले, 'म्हणजे तूच ढकललंस होय रे!'

लाइट आली की गल्लीतली सगळी पोरं एकसुरात ओरडतात 'अप नेपा!' नेपा हे वीज मंडळाचं जुनं नाव. ते मंडळ जाऊन त्याचं दुसरं झालं, त्याचंही २०१३ साली खाजगीकरण झालं, ही पोरं जन्मली तेव्हा नेपा नव्हतंच, पण ओरडायचं तेच. आमचे प्लांट मॅनेजर, पंचावन्न वर्षांचे गंभीर गृहस्थ, मीटिंगमधे लाइट आली की टेबलाखाली मूठ आवळून हळूच म्हणतात, अप नेपा.

ट्रॅफिकमधे गाडी अडकली की बाजार आपणहून काचेशी येतो. केळ्याचे वेफर्स, पाणी ठीक आहे, पण भिंतीवरचं घड्याळ, इस्त्रीचं टेबल, बाथरूमचा ब्रश, फ्रेममधे देवाचा फोटो सगळं. सिग्नल सुटला आणि सुट्टे परत द्यायचे राहिले तर विकणारा पोरगा गाडीच्या बरोबरीने धावत येऊन सुट्टे देतो. एकदा तर मी पुढच्या चौकापर्यंत मान काढून मागे बघत होतो, पठ्ठ्या आला.

लग्नाचं आमंत्रण आलं तर सोबत कापडाचा नमुना आणि त्याचा भाव येतो. त्याला असो एबी म्हणतात. ते कापड आपण विकत घ्यायचं, शिवून घ्यायचं आणि घालून जायचं, म्हणजे फोटोत सगळे एका रंगात. आपल्याकडे पाहुण्यांना आहेर करतात, इथे पाहुणा स्वतःचा आहेर स्वतः विकत घेऊन नेसून येतो. बायकोकडे आता अशा सात-आठ रंगांची थप्पी झालीय, कोल्हापूरच्या भाचीच्या लग्नात तिच्या माहेरच्यांना हीच पद्धत सुरू करा म्हणत होती.

---

कंपालाचा_वऱ्हाडी

राजेहो, मी कंपाला, युगांडा. मूळ अकोला. आमच्याकडला किस्सा जरा मोठा आहे, चहा घेऊन बसा.

इथे नोव्हेंबरच्या सुमारास पाऊस झाला की नाकतोडे येतात. न्सेनेने म्हणतात त्याला. आपल्याकडे टोळ आले की लोक डोक्याला हात लावतात, इथे लोक पोती घेऊन निघतात. गच्चीवर, टेकडीवर मोठेमोठे दिवे लावतात, त्याच्या भोवती पत्रे तिरपे उभे करतात आणि खाली ड्रम. किडे दिव्याकडे येतात, पत्र्यावर आपटतात आन घसरून ड्रममधे. लांबून टेकडी अशी दिसते की वर क्रिकेटची डे-नाइट मॅच चालू आहे. सकाळी बाजारात बाया पंख-पाय तोडून विकायला बसतात, मग कांदा घालून परतायचे, खारे-कुरकुरीत. सीझनमधे ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर डबी. आपल्याकडे फुटाणे फिरतात तशी.

आता मी माळकरी घरातला. आणि इथले लोक खाऊ घालायला लय हौशी, 'चव तर घे' म्हणून डबी नाकाशी आणतात. नको म्हटलं की वाटतं लाजतोय, अजून आग्रह. पोट बिघडलंय म्हटलं तर म्हणतात हे पोटाला चांगलं. मग आमच्या अकाउंटच्या एका बुजुर्ग माणसाने बाजूला घेऊन सांगितलं, अरे तू सरळ सांग ना की मी न्सेनेने कुळाचा आहे. झालं असं की बागांडा लोकांत पन्नासेक कुळं आहेत आणि प्रत्येक कुळाचं एक देवक. हो, बरोबर वाचलं, अगदी आपल्या देवकासारखं. कोणाचं माकड, कोणाचं बिबट्या, कोणाचा मासा, कोणाचा हत्ती, आणि एका कुळाचा हाच नाकतोडा. ज्याचं जे देवक ते त्यानं खायचं नाही, आणि एका कुळात लग्न करायचं नाही, सगोत्र म्हणून. मला तर काही समजावून सांगायची गरजच पडली नाही, मी म्हटलं आमच्याकडं लग्नात पंचपल्लव मांडतात तेच हे. तो म्हणाला मग तर तू आमचाच.

दुसऱ्या दिवशी डबी आली, मी छाती काढून म्हटलं, माझं कूळ न्सेनेने! पूर्ण ऑफिस हसून हसून आडवं, पण डबी मागे गेली बरं का. देवक म्हटल्यावर कोणी आग्रह करत नाही, तिथं विषय संपला. फक्त एक झालं. आमचा गेटवरचा गार्ड खरोखर त्या कुळातला निघाला. तेव्हापासून तो मला भाऊ म्हणतो, त्याच्या आईची ओळख करून दिली, कुळात दोन देवकं असतात, एक मुख्य अन एक जोडीचं, ते जोडीचं कोणतं हे पाठ करून घेतलं, आणि पुतण्याच्या शाळेच्या फीचा विषयही घरचा माणूस म्हणून माझ्यापर्यंत आला. दिली मग. काय करता, कूळ म्हटलं की आलंच.

बाकी खाण्यापिण्याचे हाल अजिबात नाहीत. कच्च्या केळ्याचं माटोके, पानात गुंडाळून वाफवतात, आणि त्याच्यावर शेंगदाण्याची दाट ग्रेव्ही, सोबत जिरं-मिरची असती तर आपली उपासाची दाण्याची आमटीच. आणि रस्त्यावर चपातीत ऑम्लेट गुंडाळून देतात त्याला रोलेक्स म्हणतात. बायकोला मेसेज केला होता, 'आज रस्त्यावर रोलेक्स घेतली, तीन हजाराला'. तिने फक्त दोन शब्दांत उत्तर पाठवलं, 'परत कर'.

---

डर्बनची_मिनू

डर्बन. सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहिली की माकडं येतात, राखाडी अंग काळं तोंड, शिस्तीत रांगेने. त्यांना ब्रेड कुठल्या कपाटात असतो ते माहीत आहे. आमच्या शेजारच्या आज्जी, यांच्या घराण्याला इथे येऊन शंभरावर वर्षं झालीत, त्या खिडकीत रबरी साप ठेवतात. गेल्या आठवड्यात माकडाने ब्रेडसोबत सापपण नेला.

बनी चाऊबद्दल नंतर लिहीन. आख्खा ब्रेड कोरून आत कालवण भरतात, शाकाहारींनी बीन्सचा मागावा, सशाचा काही संबंध नाही, घाबरू नका.

---

नवी_निघालेली

वाचून हसून हसून पुरेवाट. माझा प्रश्न जरा गंभीर आहे. आम्ही पुढच्या महिन्यात डोडोमाला जातोय. वैनी, टांझानियात साबुदाणा मिळतो का? घरात सासूबाई आहेत, सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळं असतं. आणि कुकर किती आणू? इलेक्ट्रिकच्या वस्तू चालतात का?

---

दारची_वैनी

@नवी_निघालेली, या या, स्वागत आहे! साबुदाणा दारमधे मिळतो, किसुटूला गुजराती दुकानं आहेत तिथे पोहे, राजगिरा, वरीसुद्धा. दारला उतराल तेव्हाच भरून घ्या आणि डोडोमाला न्या.

पण ऐका, खरी गंमत त्याच्या पुढे आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो ना, तो कसावा, इथे त्याला मुहोगो म्हणतात, तो आपल्याकडे बटाटा असतो तसा ढिगाने पडलेला असतो. दारला कोको बीचवर तर तळलेला मुहोगो प्रसिद्ध आहे, वर मीठ, तिखट, लिंबू. लोक सकाळी चहासोबत उकडून खातात, कुणाचाही उपास वगैरे नसतो. आमच्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा संकष्टीला मी घाबरतच विचारलं, आई, हा चालेल का? त्यांनी कंद हातात घेतला, वास घेतला, कुठून येतो, कसा वाढतो, सगळी चौकशी केली आणि निकाल दिला, 'साबुदाणा चालतो तर त्याचा बाप का नाही चालणार!' आता आमच्याकडे मुहोगोची जिरं, मिरची, दाण्याचं कूट घालून उपासाची भाजी होते. पुण्याच्या घरच्या ग्रुपवर यावरून दोन गट पडलेत, धाकट्या आत्यांचं म्हणणं परदेशी कंद उपासाला नाही. त्यांना सांगितलं साबुदाणाही मूळ परदेशीच कंदाचा, बटाटाही, मिरचीही. त्यांनी ग्रुप सोडला.

कुकर दोन आणा, पण रिंगा आणि शिट्ट्या जास्तीच्या आणा, ते इथे शोधत बसावं लागतं. प्लग बऱ्याच ठिकाणी चौकोनी पिनांचे आहेत, मिक्सरसाठी अडॅप्टर जरा दणकट घ्या, ते दहा-वीस रुपयांचे नको.

@वाळूजचे काका, फोटो काढलाय, कालच. मागे केशरी रंगात मशीद, तिच्या बाजूला फुटबॉलवाला, खाली इंजिनाजवळ तुमच्या कंपनीचं नाव अजून चकचकीत. ड्रायव्हरला सांगितलं की ज्यांनी ही गाडी बांधली ते माझ्या गाववाल्यांपैकी आहेत. तर तो म्हणाला मग त्यांना विचारा, तिसऱ्या गिअरला आवाज का येतो.

---

वाळूजचा_गडी

चालू गाडीत आवाज येतो की गिअर टाकताना? टाकताना येत असेल तर आधी क्लच केबल बघायला सांगा, बहुतेक सैल असेल. चालू गाडीत येत असेल तर ऑइल कधी बदललं ते विचारा.

---

कंपालाचा_वऱ्हाडी

@नवी_निघालेली, मुहोगो घेताना एक ध्यानात ठेवा, कच्चा तोंडात टाकू नका, काही जाती कडू असतात अन त्यात विषारी अंश असतो. साल जाड काढायची, मधली दोरी काढून टाकायची अन भरपूर पाण्यात चांगला उकडून पाणी फेकून द्यायचं. बाजारात बाईला विचारलं की ती गोड कोणता ते बरोबर निवडून देते. अन कुकरच्या रिंगा आणताय तर दोन माझ्यासाठी पण आणा, पाच लिटरच्या, डोडोमाहून दारला कोणी येत असलं की पुढचं मी बघतो.